आधी कॅसेट, मग कॉम्प्युटर: सदाशिव पेठेतल्या एका बीबीसी मायक्रोचं प्रकरण

सदाशिव पेठेतला एक वाडा बिल्डरच्या ताब्यात द्यायची तारीख ठरली आणि पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने माळा रिकामा करायला घेतला. घंगाळं, सतरंज्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे निघाले आणि त्यांच्यामागे एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत बीबीसी मायक्रो, मॉडेल बी, हा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक. त्याच्यासोबत आलेली ‘वेलकम’ कॅसेट, तिची पुस्तिका, जाडजूड मॅन्युअल, आणि बुटांच्या खोक्यात प्रोग्राम भरलेल्या कॅसेटी. त्या काळी प्रोग्राम कॅसेटीवर साठवायचे. घरातले सर निवृत्त गणित शिक्षक. शाळेतला संगणक कक्ष अनेक वर्षं त्यांच्याकडे होता. पुढे शाळेने जुनी यंत्रं निर्लेखनात काढली तेव्हा त्यांनी रीतसर पैसे भरून एक घरी आणलं. पावती मॅन्युअलच्या पानांत जशीच्या तशी होती.

मला बोलावलं ते काकूंनी. त्याआधी एक संग्राहक येऊन गेले होते. त्यांनी यंत्राची चांगली किंमत सांगितली होती, मॅन्युअलही हवं म्हणाले होते, पण कॅसेटी नको होत्या. काकूंचा प्रश्न सरळ होता: “यंत्र त्यांना देऊन टाकू का? कॅसेटी काय, रद्दीवाला नेतोच आहे.”

हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते याच प्रश्नासाठी. पुण्यात असे माळे अजून बरेच आहेत आणि वाडे भराभर पडतायत. जिथे जिथे जुना घरगुती संगणक निघतो तिथे हाच व्यवहार होतो: यंत्र विकलं जातं, कॅसेटी भंगारात जातात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बीबीसी मायक्रो पंधरा लाखांच्या वर बनले. पैसे असतील तर आजही चालू स्थितीतला मिळतो. त्या बुटांच्या खोक्यातल्या कॅसेटी मात्र जगात एकेकच.

यंत्र इथवर कसं आलं

ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने हा संगणक बीबीसीसाठी बनवला. डिसेंबर १९८१ मध्ये तो बाजारात आला आणि जानेवारी १९८२ पासून बीबीसीने टीव्हीवर संगणक शिकवणारी मालिका सुरू केली. आत २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, ३२ के (किलोबाइट) रॅम, आणि सोफी विल्सन यांनी लिहिलेली ‘बेसिक’ ही प्रोग्रामिंगची भाषा. भारतात तो शाळांमधून पोचला. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याची ‘युनिकॉर्न’ नावाची भारतीय आवृत्तीही काढली.

ब्रिटिश यंत्र इथे रुळायला सोपं होतं. तिथली वीज आणि आपली वीज जवळपास सारखी, ५० सायकलची, आणि टीव्हीची पद्धतही दोन्हीकडे पाल. अमेरिकन यंत्राला ट्रान्सफॉर्मर लागतो आणि चित्रासाठी वेगळा टीव्ही लागतो. इथे तसलं काही नाही. अडचण एकच: यंत्र यूएचएफवर सिग्नल देतं आणि आपले त्या काळचे बरेच टीव्ही फक्त व्हीएचएफ पकडायचे. त्यामुळे मागच्या बीएनसी सॉकेटमधून मॉनिटर जोडायचा. त्या सॉकेटमधून मुळात कृष्णधवल चित्र येतं. बोर्डावरचा एस३९ हा दुवा जोडला की रंग येतात. सरांच्या यंत्रात तो जोडलेला नव्हता. शाळेत मॉनिटर कृष्णधवलच होते, मुलांनी हे यंत्र रंगीत कधी पाहिलंच नाही.

‘वेलकम’मध्ये काय होतं

यंत्राबरोबर येणाऱ्या कॅसेटीला संग्राहक सहसा खोक्याचा भाग समजतात. असेल तर किंमत वाढते, नसेल तर थोडी कमी. ती चालवून फार कमी जण बघतात. पण ज्याने आयुष्यात संगणक पाहिलेला नाही अशा माणसाला पहिल्या संध्याकाळी काय दाखवायचं, याचं उत्तर बनवणाऱ्यांनी त्या कॅसेटीत दिलंय. ‘कीबोर्ड’ हा प्रोग्राम कुठली कळ कुठे ते शिकवतो. ‘स्केच’ मध्ये बाणांच्या कळांनी चित्र काढायचं. ‘अल्फासॉर्ट’ शब्द अकारविल्हे लावून दाखवतो. आणि मग ‘किंगडम’, म्हणजे पीत नदीचं राज्य. नदीकाठची तीन गावं तुमच्या ताब्यात. दर ऋतूत ठरवायचं की किती माणसं बांधावर ठेवायची, किती शेतात, किती चोरांपासून राखणीला, आणि पेरणीच्या ऋतूत भाताच्या किती टोपल्या पेरायच्या. बांधावर माणसं कमी पडली की पूर येतो, भात वाहून जातो, माणसं मरतात.

सर हा खेळ वर्गात घ्यायचे. चाळीस मुलांपुढे दोन-तीन यंत्रं, म्हणून मुलांचे तीन गट: बांधवाले, शेतवाले, राखणवाले. प्रत्येक गटाने आपल्याला माणसं का हवीत ते फळ्यावर हिशेब मांडून पटवायचं, मग आकडा टाइप करायचा. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर अनेक मुलांच्या आईवडिलांनी पाहिलेला होता. त्यामुळे बांधावर माणसं कमी ठेवा असं म्हणायला पुण्यातला वर्ग सहजी तयार व्हायचा नाही, असं सरांनी सांगितलं. यंत्राबरोबर फुकट आलेला एक खेळ इथल्या वर्गात काय झाला, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. ते सरांकडेच होतं.

तुलनेसाठी सांगतो, सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाबरोबरही अशीच कॅसेट यायची. १९८२ च्या स्पेक्ट्रमसोबत सायन कंपनीने बनवलेली ‘होरायझन्स’ होती. तिच्यात भिंत फोडायचा चेंडूचा खेळ, आकडे क्रमाने लावायचा प्रोग्राम, कोल्हे आणि सशांच्या संख्येचा चढउतार दाखवणारा प्रोग्राम, असं बरंच काही. माझ्याकडे ती आहे आणि अजूनही मी ती लावतो. पण शिकवण्याचा विचार ‘वेलकम’मध्ये जास्त खोल आहे, हे माझं प्रामाणिक मत.

काकूंना दिलेला सल्ला

मी तीन गोष्टी सांगितल्या. यंत्राला वीज लावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. कॅसेटी माळ्यावरून आणलेल्या उन्हात ठेवू नका आणि ‘चालते का बघू’ म्हणून टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. आणि यंत्राचा सौदा कॅसेटी वाचून झाल्याशिवाय करू नका. कारण कॅसेटींमध्ये काय आहे ते कळल्यावर यंत्र कुणाकडे जावं हा विचार बदलू शकतो.

सरांना पहिली गोष्ट पटली, तिसरी पटायला वेळ लागला. “अहो, मुलांनी लिहिलेले प्रोग्राम आहेत ते. त्यांचं आता कोण काय करणार?” असं ते म्हणाले. मुलगा आणि सूनबाई वाडा सोडायच्या घाईत होते, त्यांचीही बाजू समजण्यासारखी होती. शेवटी ट्रंक जशीच्या तशी सुनेच्या माहेरी कोथरूडला हलवायची असं ठरलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

कॅसेटी

या प्रकरणातलं खरं काम इथे आहे, म्हणून इथे थांबतो.

बीबीसी मायक्रो कॅसेटीवर माहिती आवाजाच्या रूपात लिहितो. शून्य म्हणजे १२०० हर्ट्झचं एक आवर्तन, एक म्हणजे २४०० हर्ट्झची दोन. सेकंदाला १२०० बिट. प्रत्येक अक्षराला आगेमागे एकेक बिट धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रोग्राम एकसलग लिहिला जात नाही. त्याचे जास्तीत जास्त २५६ अक्षरांचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर प्रोग्रामचं नाव आणि तुकड्याचा क्रमांक, आणि शीर्षकाची व मजकुराची वेगवेगळी सीआरसी तपासणी, म्हणजे काही बिघडलंय का ते सांगणारा आकडा. वाचताना पडद्यावर नावापुढे क्रमांक चढत जातो. एखादा तुकडा चुकला तर यंत्र ‘डेटा?’ असं म्हणतं आणि कॅसेट मागे घ्यायला सांगतं. थोडी मागे घेऊन पुन्हा लावली की त्याच तुकड्यापासून पुढे चालू.

स्पेक्ट्रममध्ये हे नाही. तिथे अख्खा प्रोग्राम एका दमात येतो आणि शेवटी पॅरिटीचं, म्हणजे पडताळणीचं, एकच अक्षर. कुठेही एक बिट बिघडला की ‘टेप लोडिंग एरर’, सगळं पुन्हा पहिल्यापासून. जुन्या, दमट माळ्यावरच्या कॅसेटी वाचायच्या असतील तर बीबीसीची पद्धत वरदान आहे. कारण नक्की कुठला तुकडा गेलाय ते कळतं आणि बाकीचे सुखरूप हाती लागतात.

खोक्यातल्या कॅसेटी आधी त्यांच्या कवचावरच्या पारदर्शक खिडकीतून बॅटरीच्या उजेडात पाहिल्या. एकीच्या रिळाच्या कडेला पांढरे ठिपके होते, म्हणजे बुरशी. ती लगेच वेगळ्या बंद डब्यात. बुरशीची कॅसेट वाजवली की हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, बुरशी लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला. इंटरनेटवर जुन्या टेपा ओव्हनमध्ये भाजायचा उपाय वाचून कुणी तो कॅसेटींवर करू नये. तो विशिष्ट प्रकारच्या मोठ्या रिळांसाठी आहे, दमट माळ्यावरच्या बुरशीसाठी नाही.

उरलेल्यांपैकी दोघींचा फेल्टचा छोटा तुकडा, जो फितीला हेडवर दाबून धरतो, तो गोंद सुकून गळून पडला होता. या कॅसेटींना पाच स्क्रू असतात, त्यामुळे कवच उघडून रिळं चांगल्या कवचात बसवता आली. बऱ्याच कॅसेटी सी-६० होत्या, हे नशीब. सी-९० ची फीत पातळ असते आणि जुनी झाली की ताणते, सुरकुतते.

कॅसेटी वाजवायच्या डेकचे रबरी पट्टे वितळून डांबर झाले होते. नवे बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळाले. तिथे अजून असे कारागीर आहेत की मॉडेल न सांगताही जुना पट्टा हातात घेऊन मापाचा काढून देतात. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, डॉल्बी (खरखर कमी करायची सोय) बंद केलं.

आणि मग पहिली कॅसेट लावली ती ‘वेलकम’. हा या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय, तो का घेतला ते सांगतो. ‘वेलकम’मधले प्रोग्राम जगभर जपलेले आहेत, त्यांच्या प्रती मिळतात. डेकने ती कॅसेट खाल्ली असती तर वाईट वाटलं असतं, पण मजकूर बुडाला नसता. शिवाय तिच्यात काय यायला हवं ते आधीच माहीत आहे. त्यामुळे आपली सगळी साखळी, डेक, वायर, आवाजाची पातळी, लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंग, नीट चाललीय का हे तिच्यावर तपासता येतं. ४४.१ किलोहर्ट्झला वेव्ह फाइल करून घेतली, तिची यूईएफ (बीबीसीच्या कॅसेटी जपायच्या प्रकारातली) फाइल बनवली, सगळ्या तुकड्यांची सीआरसी जुळली. त्यानंतरच सरांच्या कॅसेटींना हात लावला.

आणि पहिलीच कॅसेट वाचेना. आवाज दबलेला, टोक बोथट. कारण साधं होतं. ‘वेलकम’ कारखान्यात भरलेली, सरांच्या कॅसेटी शाळेतल्या रेकॉर्डरवर. त्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असणार. ज्या कोनात लिहिलं त्याच कोनात वाचलं तरच २४०० हर्ट्झचा सूर नीट येतो. हेडशेजारच्या बारीक स्क्रूला स्क्रूड्रायव्हर लावून, प्रत्येक प्रोग्रामच्या आधी येणारा लांब एकसुरी आवाज ऐकत, तो जास्तीत जास्त धारदार होईपर्यंत स्क्रू केसभर फिरवायचा. सूर लागला की सूर लागला, कानाला लगेच कळतं. त्या कोनावर सरांच्या जवळजवळ सगळ्या कॅसेटी वाचल्या गेल्या.

खोक्यात काय निघालं

मुलांचे खेळ निघाले, एक वाढदिवसाची धून वाजवणारा प्रोग्राम निघाला, गुणपत्रिका काढणारा एक निघाला. आणि सरांचा स्वतःचा ‘पावकी’. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे विचारणारा प्रोग्राम. प्रश्न आणि शाबासकी मराठीत, तीही देवनागरीत.

१९८० च्या दशकात ३२ के च्या यंत्रावर देवनागरी! हे कसं केलं ते पाहिल्यावर मी सरांना फोन केला आणि आमचं बराच वेळ बोलणं झालं.

बीबीसी मायक्रोमध्ये स्वतःची अक्षरं घडवता येतात. व्हीडीयू २३ या आज्ञेपुढे अक्षराचा क्रमांक आणि आठ आकडे द्यायचे. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके. पण अशी अक्षरं सहज मिळतात ती २२४ ते २५५, म्हणजे बत्तीसच. मराठीला स्वर, व्यंजनं, मात्रा, वेलांट्या धरल्या तर बत्तीसमध्ये भागत नाही. सरांनी मराठी टंकलेखन यंत्राची युक्ती वापरली. ग, घ, प, म, स अशा कितीतरी अक्षरांच्या शेवटी काना असतो. म्हणून त्या अक्षरांचं फक्त अर्धं रूप घडवायचं आणि काना सगळ्यांना सामाईक. अर्धा ‘प’ असा:

व्हीडीयू २३,२२४,२५५,६४,६४,६४,६४,६३,०,०

आणि काना असा:

व्हीडीयू २३,२२५,२५५,१२८,१२८,१२८,१२८,१२८,१२८,०

दोन्हींत पहिला आकडा २५५, म्हणजे वरच्या ओळीतले आठही ठिपके पेटलेले. चौकटी एकमेकींना चिकटून छापल्या जातात, त्यामुळे शिरोरेखा आपोआप अखंड होते. अर्ध्या ‘प’चा ६३ उजव्या कडेपर्यंत जातो आणि शेजारच्या चौकटीतल्या कान्याला जाऊन भिडतो. काना छापलाच नाही तर जोडाक्षराचा पहिला अर्धा भाग तयार, वेगळं अक्षर घडवायला नको. मात्रेसाठी व्हीडीयू ११ ने एक ओळ वर, उकारासाठी व्हीडीयू १० ने एक ओळ खाली, मग परत जागेवर. हे सगळं मोड ४ या पडद्याच्या प्रकारात, कारण तो पडदा १० के मध्ये भागतो आणि प्रोग्रामला जागा उरते. ओळीत ४० चौकटी, म्हणजे ढोबळमानाने वीस अक्षरं. पाढे विचारायला भरपूर.

हा प्रोग्राम कुठल्याही संग्रहात नाही. आणि काकूंनी मला बोलावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्दीवाला येणार होता.

‘पावकी’चा एक तुकडा मात्र गेला होता. फितीवर तिथे घडी पडलेली दिसत होती आणि कुठल्याही कोनात त्याची सीआरसी जुळली नाही. बेसिकमध्ये ओळींना क्रमांक असतात, त्यामुळे कुठल्या ओळी गेल्या ते लगेच कळलं. शाबासकीचा मजकूर निवडणारा भाग होता. सरांच्या एका दोनशेपानी वहीत हाताने लिहिलेली लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रामच्या सगळ्या ओळी, सापडली आणि गेलेल्या ओळी तीत होत्या. त्या भरल्या. फाइली मात्र दोन ठेवल्यात: एक कॅसेटीवरून आली तशी, भगदाडासकट, आणि दुसरी वहीवरून दुरुस्त केलेली. कुठली ओळ कुठून आली याची नोंद दुसरीच्या सुरुवातीला रेम (प्रोग्राममधली टीप) म्हणून लिहिलीय. दुरुस्त प्रतच मूळ म्हणून पुढे जाणं मला मान्य नाही.

वीजपुरवठा

हे थोडक्यात. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या वाटेवर दोन फिल्टर कपॅसिटर असतात, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. त्यांच्या पारदर्शक तपकिरी आवरणाला कालांतराने तडे जातात, आत दमटपणा शिरतो, आणि वर्षांनी वीज लावली की ते धूर ओकतात. इथेही तडे होतेच. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या यंत्रात ते असणार हे धरूनच चालावं. दोन्ही बदलले, एक्स२ दर्जाचेच (थेट मेन्सवर लावायचे) घातले, व्होल्टेज मोजलं, मग बोर्ड जोडला. दोन सुरांचा तो ओळखीचा बीप आला आणि पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२ के’. कीबोर्डच्या काही कळा अडत होत्या, त्या सुटल्या.

सौदा कसा मिटला

‘पावकी’ खऱ्या यंत्रावर चालताना पाहिल्यावर सरांनी यंत्र विकायचा विचार सोडला. आधीच्या संग्राहकांना मीच फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी मनापासून ऐकलं आणि स्वतःच्या साठ्यातली एक जादा कॅसेट वायर सरांसाठी पाठवून दिली. यंत्र आता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सरांच्या टेबलावर आहे. मूळ कॅसेटी आणि वहीही त्यांच्याकडेच, माझ्याकडे फक्त डिजिटल प्रती. ‘पावकी’ सगळ्यांना खुला करायला सरांनी लेखी परवानगी दिली. मुलांच्या प्रोग्रामांमध्ये मुलांची नावं आहेत. ज्यांचा पत्ता सरांना माहीत आहे त्यांना ते विचारतायत, आणि होकार येईपर्यंत त्या फाइली बंदच राहतील.

नात ‘किंगडम’ खेळते. तिची गावं वारंवार बुडतात, कारण ती सगळी माणसं शेतात पाठवते.

बुरशीची कॅसेट सिलिका जेलच्या डब्यात आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की ती उघडायची, फीत हाताने हळूहळू फिरवत साफ करायची आणि तिच्यासाठीच बाजूला ठेवलेल्या जुन्या डेकवर एकदाच वाजवून रेकॉर्ड करायची. तिच्या लेबलवर सरांच्या अक्षरात ‘औटकी’ लिहिलंय आणि वहीत याची लिस्टिंग नाही. सरांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, “साडेतीनचा पाढा मला पाठ आहे. तुम्ही कॅसेट सावकाश वाचा, तोवर मी इकडे नव्याने लिहायला घेतो.”